न कळण्याची नावे



प्रवचन आटोपून घरी निघालेल्या माणसाला वाटेत कुणी विचारले, "आज काय निरूपण झाले?" तर पुष्कळदा उत्तर मिळते, "फार खोल बोलले हो." त्या 'खोल' शब्दाच्या पोटात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. विषयच खोल असेल. किंवा विषय गुडघाभर पाण्याचा, पण सांगणाऱ्याने ते ढवळून गढूळ केले असेल. गढूळ पाण्याचा तळ दिसत नाही, म्हणून तेही खोलच वाटते. किंवा पाणी स्वच्छ, तळ समोर, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर दिवसभराच्या कष्टाची झापड असेल. तिन्ही वेळा निकाल एकच: कळले नाही. पण दोष तीन ठिकाणचा आणि उपायही तीन तऱ्हेचे.

हा निवाडा करायला भाषा आपल्याला किती मदत करते, हा आजच्या चिंतनाचा विषय. त्यासाठी आपण जपानी भाषेकडे जाऊ. घरातल्या शब्दांची इतकी सवय झालेली असते की ते काय काम करतात हे दिसत नाही. दुसऱ्याच्या अंगणात उभे राहिले की दिसते. शिवाय ते अंगण अगदीच परके नाही. जपानी मुलांची अक्षरमाळा अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी लागतात. हा क्रम तिकडच्या बौद्ध भिक्षूंनी संस्कृत अक्षरांचा अभ्यास केला त्यातून आला. ज्या लिपीतून त्यांनी तो केला तिला ते 'शित्तान' म्हणतात, म्हणजे आपले 'सिद्धम्'. तेव्हा पाव्हण्यासारखे नव्हे, दूरच्या सोयऱ्यासारखे आत जाऊ.

कळणे याला जपानीत रोजचा शब्द 'वाकारु'. तो लिहिताना जे चित्राक्षर वापरतात त्याचा मूळ अर्थ वाटणे, वेगळे करणे; त्या अक्षराच्या खालच्या अंगाला सुरी आहे. गूळ आणि खडा एकत्र असेल तोवर तोंडात काय आले ते कळत नाही. वेगळे झाले की कळले. म्हणजे कळणे हा विवेकच झाला, कारण विवेक शब्दाचा अर्थही वेगळे करणे हाच. आणखी एक गंमत पाहा. इंग्रजीत 'मी समजतो' असे कर्ता पुढे काढून बोलतात. जपानी माणूस 'मला वाकारु' अशा घडणीने बोलतो. आपणही तसेच बोलतो: मला कळले, मला उमगले. कळणे ही आपण करायची गोष्ट नाही, ती आपल्याकडे चालत येते, असे दोन्ही भाषांना वाटते. मशागत आपली, उगवणे त्याचे.

आता न कळण्याकडे वळू. जपानीत क्रियापदाला शेपूट जोडून 'अवघड' असा अर्थ आणतात आणि अशी शेपटे तीन आहेत. पहिले 'निकुई'. 'वाकारिनिकुई' म्हणजे कळायला अवघड. पण इथे बोट बहुधा वस्तूकडे असते. नकाशा वाईट काढला आहे, सूचना नीट लिहिलेली नाही, लेखणीचे टोकच बिघडले आहे. दुसरे 'झुराई'. हे दुःख, कष्ट या अर्थाच्या 'त्सुराई' शब्दातून आले आहे. इथे बोट करणाऱ्याकडे. हात दुखतो म्हणून लिहवत नाही, लाज वाटते म्हणून बोलवत नाही, डोळे अधू झाले म्हणून वाचवत नाही. वस्तू ठीक आहे, त्रास मला होतो आहे. तिसरे 'गाताई'. हे 'काताई' या शब्दाचे रूप, आणि कठीण दगडाला किंवा लाकडाला जे 'काताई' म्हणतात त्याच मुळाचे ते मानतात. आपल्या 'कठीण' शब्दातही हे दोन्ही अर्थ आहेतच. 'शिंजिगाताई' म्हणजे विश्वास ठेवणे जवळजवळ अशक्य, 'वासुरेगाताई' म्हणजे विसरणे अशक्य. इथे बोट वस्तूकडे नाही, माणसाकडेही नाही. ते माणसाच्या शक्तीच्या शिवेकडे आहे.

पाहा, आपल्या प्रवचनाच्या तीन श्रोत्यांची सोय झाली. ज्याला सांगणाऱ्याने गढूळ करून सांगितले त्याने 'निकुई' म्हणावे. जो दमला होता त्याने 'झुराई' म्हणावे. जिथे विषयच शिवेपलीकडचा होता तिथे 'गाताई' म्हणावे. रोजच्या बोलण्यात तिकडेही निकुई आणि झुराई यांची सरमिसळ होते. तरी खाचा पाडलेल्या आहेत आणि ज्याला नेमके बोलायचे आहे त्याला त्या सापडतात.

आणि या तिसऱ्या शेपटाला एक गोड फळ लागले आहे. 'अरु' म्हणजे असणे. 'अरिगाताई' म्हणजे असणेच अवघड, दुर्मिळ. हजार वर्षांपूर्वी सेइ शोनागोन नावाच्या राजवाड्यातल्या स्त्रीने आपल्या टिपणवहीत अशा दुर्मिळ गोष्टींची एक यादी केली आहे. तीत सासऱ्याने वाखाणलेला जावई आहे आणि सासूच्या मर्जीतली सूनही आहे. यावर आपल्याकडच्या आयाबायांनी हसायला हरकत नाही. पुढे या शब्दाचा अर्थ हळूहळू कृतज्ञतेकडे सरकला. जे मिळणे इतके कठीण ते मला मिळाले, म्हणून हात जोडले. त्यातूनच 'अरिगातो' हा आजचा आभाराचा शब्द झाला. नरदेह दुर्लभ आहे हे बौद्धांनी सांगितले, आपणही ऐकत आलो. जपानी माणूस दुकानात सुटे पैसे परत घेताना नकळत त्याच विचाराला स्पर्श करतो. अवघडपणाचा शेवट धन्यतेत व्हावा, हे या शब्दसंग्रहाचे मी सर्वांत मोठे यश मानतो.

पण परीक्षा करायला बसलो आहोत, तर नुसती वाहवा करून चालणार नाही. सोने कसाला लावावेच लागते.

'मुझुकाशी' हा अवघड या अर्थाचा सर्वांत साधा शब्द. जुन्या जपानीत त्याचा अर्थ त्रासदायक, नकोसे, मन खिन्न करणारे असा होता. लहान मूल रडून किरकिर करते त्यालाही याच कुळातला शब्द आहे. आजही हा शब्द किरकिर्‍या मुलासारखा आईच्या पदराआड लपतो. व्यवहारात कुणी काही मागितले आणि समोरचा म्हणाला, "ते जरा मुझुकाशी आहे," तर त्याचा अर्थ 'प्रयत्न करू' असा नसतो. त्याचा अर्थ 'नाही'. नकार देताना समोरच्याचे मन दुखवू नये ही त्यामागची भावना चांगली आहे. पण ज्याला ही रीत माहीत नाही तो महिनाभर वाट पाहत बसतो. मन राखण्यासाठी बोललेला शब्द अशा वेळी सत्य झाकून ठेवतो आणि वाट पाहणाऱ्याची किंमत कुणी मोजत नाही.

लेखनावर टीका करणारे शब्द मात्र खणखणीत आहेत. 'नानकाई' म्हणजे सोडवायला अवघड. त्यातल्या 'काई' या चित्राक्षरात शिंग, सुरी आणि बैल असे तीन भाग आहेत. एकसंध देह सांध्यासांध्याने मोकळा करणे हे त्याचे मूळ. जे लेखन नानकाई आहे त्याला सांधे आहेत, फक्त ते शोधायला वेळ लागतो. 'काइजू' हा त्याहून कडक. त्यातले पहिले अक्षर चांद्रमासाच्या शेवटच्या दिवसाचे, म्हणजे चंद्र नसलेल्या रात्रीचे, आणि दुसरे कच्च्या फळाच्या तुरटपणाचे. डोळ्यांना अंधार आणि जिभेला मिठी, असे ज्याचे वाचन ते काइजू. आपल्याकडचे 'क्लिष्ट' आणि 'दुर्बोध' हे शब्द ज्यांनी अनुभवले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. कोड्याला 'नाझो' म्हणतात. 'हे काय?' या जुन्या प्रश्नातूनच तो शब्द आला, आणि त्याच्या अक्षरात एका बाजूला बोलणे, दुसऱ्या बाजूला वाट चुकणे आहे. बोलण्यात वाट चुकली की कोडे झाले. आणि ज्या दोघांचे संभाषण तिसऱ्याला मुळीच उमगत नाही त्याला तिकडे 'झेन मोंदो' म्हणतात, म्हणजे झेन गुरुशिष्यांची प्रश्नोत्तरे. गुरूने शिष्याला जागे करण्यासाठी वापरलेली रीत लोकांच्या तोंडी 'काहीच न कळणे' याचे नाव होऊन बसली. साधनेची भाषा साधनेबाहेर नेली की असे होते. यात लोकांना हसू नये. आतल्यांनी आपली भाषा बाहेर कशी ऐकू येते याचा कानोसा घ्यावा.

आता दोन शब्द शेजारी ठेवू: 'फुकाकाई' आणि 'फुकाशिगी'. दोन्हींच्या आरंभी 'फुका' आहे, म्हणजे 'होऊ शकत नाही'. फुकाकाई म्हणजे सोडवता न येणारे. फुकाशिगी म्हणजे विचाराने आणि चर्चेने न गवसणारे; हा आपल्या 'अचिन्त्य' शब्दाचा चिनी भाषांतरकारांनी केलेला आणि जपानने उचललेला अनुवाद. कोशात पाहिले तर दोन्ही शेजारी आहेत. जीवनात त्यांच्यामध्ये फार मोठी दरी आहे.

मे १९०३ मध्ये तोक्योच्या पहिल्या उच्च विद्यालयातला फुजिमुरा मिसाओ हा सोळा वर्षांचा विद्यार्थी निक्को इथल्या केगोन धबधब्यापाशी गेला आणि त्याने आपला अंत करून घेतला. तिथल्या झाडावर त्याने लिहून ठेवलेल्या निरोपात साऱ्या विश्वाचे सत्य त्याने एका शब्दात सांगितले होते, आणि तो शब्द 'फुकाकाई'. पुढे थोर कादंबरीकार झालेले नात्सुमे सोसेकी तेव्हा त्या विद्यालयात त्याला इंग्रजी शिकवत होते. ही बातमी देशभर गाजली, त्या शब्दाला एक उदास तेज चढले, आणि त्याच्या मागून तीच वाट धरणारे आणखी तरुण निघाले. शब्दाने जीव घेतला असे मी म्हणणार नाही. दुःखाची मुळे शब्दकोशात नसतात. पण एका शब्दाची अशी वाहवा झाली की दुःखी मनाला तो दार बंद करायला सापडतो, एवढे खरे.

दोष कुठे आहे ते पाहा. फुकाकाई म्हणणारा माणूस गाठीपुढे एकटा बसलेला असतो. माझ्या हाताने सुटली नाही, म्हणून ती कुणाच्याच हाताने सुटणारी नाही, असा निकाल तो देतो. फुकाशिगीतले शेवटचे अक्षर 'गी' हे मिळून विचार करण्याचे, चारचौघांत बसून खल करण्याचे आहे. आम्ही विचार केला, बोललो, आणि बोलता बोलता जिथे वाणी थांबली तिथे हा शब्द आला. एकट्याचा थकवा आणि सर्वांचे विस्मित मौन, दोन्ही बाहेरून शांतच दिसतात. ती ओळखायला शिकले पाहिजे. आपल्या घरातला एखादा मुलगा 'कशातच अर्थ नाही' म्हणू लागला तर त्याच्याशी तत्त्वज्ञानाचा वाद घालू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला बोलते करावे, जाणत्याची मदत घ्यावी. गाठ राहील तशी राहो, माणूस एकटा राहू नये.

फुकाशिगीचे पुढे फार सुंदर झाले. त्याचे लहान रूप 'फुशिगी' आज जपानी मुलांच्या तोंडी आहे: काजवा का चमकतो, चंद्र आपल्याबरोबर का चालतो, फुशिगी! तिथे प्रश्न मरत नाही, जन्माला येतो. गणितातही हा शब्द गेला. १६२७ मध्ये योशिदा मित्सुयोशी यांचे 'जिंकोकी' हे अंकगणिताचे पुस्तक निघाले आणि घरोघर पोचले. त्या परंपरेतल्या मोठ्या संख्यांच्या नावांत 'गोगाशा' आहे, म्हणजे गंगेच्या वाळूइतके कण. 'असोगी' आहे, म्हणजे असंख्येय. 'नायुता' आहे, म्हणजे नयुत. आणि त्यानंतर 'फुकाशिगी'. आजच्या गणनेत फुकाशिगी म्हणजे एकावर ६४ शून्ये. ज्यांनी गंगा कधी पाहिली नाही त्या व्यापाऱ्यांनी तिच्या वाळूला संख्या दिली आणि अचिन्त्यालाही मोजपट्टीवर बसवले. यात कुणाला उपहास दिसेल. मला उलट वाटते. जे चिंतनापलीकडचे त्याच्या दिशेने एकेक शून्य चालत जावे, ही नम्रताच आहे.

आता एका शब्दाची घसरण सांगतो. कुमारजीवांनी ४०६ मध्ये 'सद्धर्मपुण्डरीक' सूत्राचा चिनी अनुवाद केला. त्याआधी २८६ मध्ये धर्मरक्षांनी केलेल्या अनुवादात 'सत्' या शब्दासाठी 'बरोबर, योग्य' असा अर्थाचा शब्द होता. कुमारजीवांनी तो बदलून 'म्यो' घातला: सूक्ष्म, अद्भुत, वर्णनात न मावणारे. योग्य धर्म होता तो अद्भुत धर्म झाला. एका अक्षराने सूत्राचा चेहरा उजळला. चीनमधल्या तेन्दाई पंथाच्या आचार्यांनी, जपानी ज्यांना चिगी म्हणतात, त्यांनी या एका अक्षरावर नव्वद दिवस निरूपण केले, असे परंपरा सांगते. आपल्या चातुर्मासाच्या निरूपणांची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्याच 'म्यो'ला 'सूक्ष्म' असा अर्थ असलेले आणखी एक अक्षर जोडून शब्द झाला, तो धर्मग्रंथात 'मिम्यो' आणि व्यवहारात 'बिम्यो'. नाजूक छटा, शब्दात न पकडता येणारा फरक, असा त्याचा अर्थ. आणि आजची तरुण मुले हा शब्द कशी वापरतात? "सिनेमा कसा होता?" "बिम्यो." म्हणजे फारसा बरा नव्हता, पण तसे स्पष्ट कोण म्हणणार! जे अक्षर धर्माचे अद्भुतपण सांगायला योजले होते ते आज मत टाळायला उपयोगी पडते. भाषा बदलते, तिला रागावून उपयोग नाही. पण पायवाट कशी घसरते ते लक्षात ठेवावे. आधी 'सांगता येत नाही' हे सत्य असते. मग ती सवय होते. शेवटी ती पळवाट होते.

दुसरा मोठा शब्द 'युगेन'. धूसर आणि गडद अशा दोन अक्षरांचा. कामो नो चोमेइ (११५५ ते १२१६) यांनी काव्यातले युगेन समजावताना दाखले दिले ते साध्या गोष्टींचे: शरदातल्या संध्याकाळचे आकाश, धुक्यातून अर्धवट दिसणारे डोंगर. शब्दांत जे उतरले नाही आणि तरी जाणवले, ते युगेन. पुढे नो नाट्याचे आचार्य झेआमी यांनी हाच शब्द रंगभूमीवर आणला तेव्हा त्यात डौल, कोमलपणा, घरंदाज सौंदर्य यांचा भर अधिक होता. म्हणजे युगेनलाही इतिहास आहे, तो एकाच जागी बसलेला नाही. आज मात्र 'ज्यांचे भाषांतरच होऊ शकत नाही असे जपानी शब्द' अशा याद्या निघतात. त्यांत युगेन हमखास असतो आणि त्यापुढे विश्वाचे गूढ वगैरे एक ओळ असते. असे लिहिणाऱ्यांनी चोमेइंच्या धुक्यातले डोंगर काढून टाकले आणि नुसते धुके विकायला ठेवले. युगेनचे भाषांतर होते, फक्त त्याला एक ओळ पुरत नाही. ज्याला चार पाने लागतात त्याला 'अनिर्वचनीय' म्हणून मोकळे होणे हा आळस आहे, त्याला आदर म्हणू नये.

गडद या अर्थाचे तेच अक्षर आणखी एका शब्दात आहे आणि तो पाहून मन निवते. जपानी घराच्या उंबऱ्यापाशी जिथे वहाणा काढतात त्या जागेला 'गेनकान' म्हणतात. अक्षरशः अर्थ, गहनाचे दार. मूळ शब्द झेन परंपरेचा: गहन मार्गात शिरण्याची जागा. पुढे तो मठाच्या प्रवेशाला मिळाला, मग सरदारांच्या वाड्यांना आणि शेवटी सामान्यांच्या घरांना. आज शाळेतून आलेले पोर दप्तर टाकून गहनाच्या दारात बूट काढते आणि आत आईला हाक मारते. गहनाला दार असावे, दारात वहाणा काढायला जागा असावी, आणि ते लहान मुलालाही ओलांडता यावे. गहन शब्दाचा याहून चांगला वापर मला ठाऊक नाही.

ही सारी चर्चा जपानच्या दोन थोर लेखकांमध्येही झाली आहे. १९६८ मध्ये कावाबाता यासुनारी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या भाषणाचे नाव, सुंदर जपानचा मी. त्यात त्यांनी दोगेन, म्योए, इक्क्यू, र्‍योकान अशा साधूंच्या कविता सांगितल्या आणि शब्दांपलीकडच्या सत्याकडे बोट दाखवले. १९९४ मध्ये ओए केन्झाबुरो यांना तेच पारितोषिक मिळाले. त्यांनी आपल्या भाषणाला नाव दिले, 'आइमाइ' जपानचा मी. आइमाइ म्हणजे अस्पष्ट, दुहेरी. त्याच्या दोन्ही अक्षरांत सूर्य आहे आणि दोन्हींचा अर्थ अंधुक. सूर्य असून उजेड नाही. ओए यांनी आदर राखून पण स्पष्ट सांगितले की कावाबातांनी निवडलेले शब्द मिटलेल्या शिंपल्यासारखे आहेत. बाहेरच्याने त्यांना शरण जावे, एवढेच त्याच्या हाती उरते. स्वतःपुरते त्यांनी आइमाइ शब्दाचेही दोन भाग केले. एक नुसता धूसरपणा, आणि दुसरा दोन टोकांत फाटलेल्या माणसाचा खरा पेच. आशिया आणि पश्चिम यांच्यामध्ये ओढल्या गेलेल्या आधुनिक जपानचा पेच त्यांना दुसऱ्या अर्थाने सांगायचा होता.

माझा कौल विचाराल तर कावाबातांचे साधू खरे आहेत आणि ओएंचा आक्षेपही खरा आहे. शब्दांपलीकडे काही आहे, हे ज्याने शब्दांची वाट पुरी चालून पाहिली त्याने सांगावे. पायरीशी बसून शिखराच्या मौनाचे कौतुक केले तर ऐकणारा पायरीशीच राहतो. ओए यांनी धुक्याचेही दोन प्रकार वेगळे करून दाखवले. वेगळे करणे म्हणजेच वाकारु, हे आपण पाहिलेच.

इथवर शब्दांचा रस घेतला. आता ज्यासाठी हे सारे मांडले ते सांगतो. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे आणि आसपास भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसे गेली. तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांना सूचना मिळत होत्या, पण कळत नव्हत्या. 'हिनान' म्हणजे सुरक्षित जागी जाणे हा सरकारी शब्द. त्यांना येत होता तो 'निगेरु', पळणे. हिनान करा म्हटले तर माणूस उभा राहतो, पळा म्हटले तर पळतो. त्या अनुभवानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सोपी वाक्ये, ओळखीचे शब्द, एका वाक्यात एकच गोष्ट अशी रीत बसवायला घेतली. तिला नाव मिळाले 'यासाशी निहोंगो'. २०२० मध्ये सरकारी खात्यांनीही तिची मार्गदर्शिका काढली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप होऊन त्सुनामीचा इशारा निघाला, तेव्हा सार्वजनिक दूरदर्शनच्या पडद्यावर पहिलीतल्या पोरालाही वाचता येतील अशा अक्षरांत लिहिले होते: त्सुनामी, पळा. तिथे भारदस्त शब्दाला जागा नव्हती.

रुग्णालयातही तेच. २००९ मध्ये जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने डॉक्टरांच्या तोंडचे ५७ शब्द घेऊन ते रोग्याला कसे सांगावे याच्या सूचना काढल्या. त्यात फार मार्मिक वर्गवारी आहे: काही शब्द सरळ बदलावेत, काही ठेवून नीट समजावावेत, आणि काही नवे पण गरजेचे शब्द लोकांत रुजवावेत. 'शॉक' हा शब्द घ्या. डॉक्टर म्हणतो रोगी शॉकमध्ये आहे, म्हणजे रक्तदाब कोसळून जीव धोक्यात आहे. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाला वाटते, धक्का बसला असेल, होईल शांत. शब्द ओळखीचा, म्हणून अधिक घातक. जो शब्द कळत नाही तो निदान विचारता तरी येतो. कळला असे वाटते तो विचारलाही जात नाही.

आणि या 'यासाशी' शब्दाकडे पाहा. जपानीत यासाशी म्हणजे सोपे. यासाशी म्हणजेच प्रेमळ, मायाळू. उच्चार एक, चित्राक्षरे मात्र दोन. म्हणून 'यासाशी निहोंगो' लिहिताना बहुधा चित्राक्षर वापरतच नाहीत, साध्या उच्चारअक्षरांत लिहितात, म्हणजे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. सोपे करून सांगणे हीच माया. आई घास लहान करून भरवते तेव्हा अन्न हलके होत नाही.

म्हणून, वाचकहो, या शब्दांची परीक्षा करून मला जे कळले ते एवढेच. न कळण्याला एकच नाव देऊ नये. ते सांगणाऱ्यामुळे असेल तर त्याला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे, "महाराज, पुन्हा सांगा." ते आपल्या थकव्यामुळे असेल तर रात्रभर विसावा घेऊन पुन्हा वाचावे. आणि ते खरेच आपल्या शिवेपलीकडचे असेल तर तिथे वहाणा काढून दारात उभे राहावे. मात्र पहिल्या दोन कारणांना तिसऱ्याचे भरजरी वस्त्र नेसवू नये. सांगणाऱ्यानेही एक लक्षात ठेवावे. आपले बोलणे ऐकून समोरची बाई नुसतीच "फार खोल" म्हणाली, तर सुखावून जाऊ नये. घरी जाऊन तिने सुनेला त्यातले काय सांगितले, ते विचारावे.